१७ वर्षांचा भरवसा आधी कसा तपासतात?

खानापूर तालुक्यातली एक मुलगी बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील कौलांच्या कारखान्यात आहेत. तिनं विचारलंय: ‘सर, व्हॉयेजर यानांना आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीला प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा वीजसंच असतो, एवढं वाचलं. पण उडवायच्या आधी तो तपासतात कसा? १७ वर्षं टिकणार हे आधीच कसं कळतंय? अपघाताची चाचणी खरं प्लुटोनियम आपटून करतात काय? आणि आपल्या भागात राहून या कामाच्या जवळपास तरी जाता येईल काय?’

चार प्रश्नांपैकी दुसरा सगळ्यांत अवघड आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. आधी एक सांगून ठेवतो. मी आयुष्यभर चाचणीचंच काम केलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या प्रेशर टेस्टपासून सुरुवात झाली, नंतर विमानाच्या आणि उपग्रहाच्या सुट्या भागांच्या कंपन, व्हॅक्यूम आणि लीक टेस्ट केल्या. सगळी मिळून ३१ वर्षं. प्लुटोनियमला मी कधी हात लावलेला नाही. पण हे वीजसंच ज्या टेबलावर हलवतात आणि ज्या चेंबरमध्ये ठेवतात, तसल्याच यंत्रांपाशी माझी उमेदीची वर्षं गेली, आणि या संचांबद्दल छापून आलेलं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय.

आपल्याकडं अणू म्हटलं की कैगाचं अणुवीज केंद्र डोळ्यांसमोर येतं. तिथलं पहिलं युनिट १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चाललं, तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. पण कैगात युरेनियमचे अणू फोडतात, आणि कांड्या आत सोडल्या की ती साखळी थांबते. या संचात काहीच फोडत नाहीत. प्लुटोनियम-२३८ आपणहून अल्फा कण सोडत असतं. ते कण शेजारच्याच अणूंवर आदळून थांबतात आणि त्यांच्या वेगाची उष्णता होते. ही उष्णता निम्मी व्हायला ८७.७ वर्षं लागतात. तिला बटण नाही. इंधन भरलं त्या दिवसापासून संच तापलेला. टेबलावर चढवला तरी तापलेला, ट्रकमध्ये तापलेला, गोदामात नुसता ठेवला तरी तापलेला. बंद न होणारी वस्तू तपासायची, हीच इथली मुख्य अडचण आहे.

क्युरिऑसिटी २०१२ साली मंगळावर उतरली, पर्सिव्हिअरन्स २०२१ साली. दोघींच्या पाठीवर एकाच जातीचा संच आहे. वजन साधारण ४५ किलो, त्यात इंधन ४.८ किलो. उष्णता सुमारे २००० वॅट, म्हणजे दोन इस्त्र्या अखंड चालू ठेवाव्यात तेवढी. त्यातून वीज मिळते सुरुवातीला ११० वॅटच्या आसपास, दीड पंखा फिरेल एवढी. बाकीची उष्णता सगळीच वाया जात नाही, तिच्यातली काही फिरवून गाडीच्या पोटातली उपकरणं मंगळाच्या थंडीत उबदार ठेवतात. उष्णतेची वीज करतात ७६८ थर्मोकपल. दोन वेगळ्या पदार्थांचे पाय एका टोकाला जोडायचे, ते टोक तापवायचं, दुसरं थंड ठेवायचं, की वीज वाहते. फिरणारा एकही भाग नाही. या संचाचं ठरवलेलं आयुष्य ३ वर्षं साठवणीत आणि १४ वर्षं मोहिमेवर. तुझी १७ वर्षं ती हीच.

आता चाचणी. उडणारा संच एकच असतो, महाग असतो, आणि तो मोडून बघता येत नाही. म्हणून चाचणीची कामं वाटून देतात. इंधनाच्या जागी विजेचा हीटर घालून केलेला संच वेगळा, काळाची परीक्षा द्यायला छोटे तुकडे वेगळे, अपघाताची परीक्षा द्यायला इंधनाच्या वड्या वेगळ्या. शेवटी खरा संच येतो, त्याला फक्त जपून हलवायचं आणि व्हॅक्यूममध्ये ठेवून बघायचं. अमेरिकेत संचात इंधन भरणं आणि ही शेवटची चाचणी आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. यातला प्रत्येक बदली खरा वाटतो, पण खरा नसतो, आणि तो कुठं खोटा आहे हे नेमकं माहीत असणं हेच या कामातलं कसब आहे.

हीटरचंच बघ. दिसायला सोपं: २००० वॅटचं इंधन काढलं, २००० वॅटचा हीटर घातला. पण खऱ्या इंधनाला वायर नसते. हीटरला जाड वायरी लागतात, त्या गरम भागातून बाहेर येतात आणि येताना उष्णताही घेऊन येतात. हवेत हे फारसं जाणवत नाही. व्हॅक्यूममध्ये हवेनं जाणारी उष्णता बंद होते, मग वायरीतून जाणारी उष्णता मोठी दिसायला लागते. ती मोजून वजा केली नाही तर संच आहे त्यापेक्षा कमी कामाचा वाटतो.

मी स्वतः एकदा याच जातीच्या चुकीत सापडलो. काम अवकाशातल्या एका छोट्या खोक्याचं होतं, आत हीटर, बाहेर पातळ चकचकीत पत्र्याच्या घड्यांचं इन्सुलेशन, चेंबरमध्ये व्हॅक्यूम, रात्रपाळी माझी. हीटरच्या ठोकळ्याला एक भोक पाडून त्यात तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचा मणी बसवला होता. तो मणी कंपनानं म्हण, वायरीच्या ताणानं म्हण, भोकातून तीनेक मिलिमीटर बाहेर सरकला. आतून बघायला खिडकी नव्हती. मणी बाहेर आल्यामुळं त्याला तापमान कमी दिसायला लागलं, आणि कंट्रोलरनं ‘थंड होतंय’ असं समजून हीटरला जास्त वीज द्यायला सुरुवात केली. पडद्यावर तापमानाची रेघ अगदी सरळ, माझ्या वहीत दर अर्ध्या तासाला तोच आकडा. सकाळी चेंबर उघडला तेव्हा आतला पत्रा निळा-तपकिरी पडला होता. तापमानाची रेघ खोटं बोलत होती आणि वॅटमीटर रात्रभर खरं सांगत होता: तापमान स्थिर असताना वीज हळूहळू वाढत चालली होती. त्या स्तंभाकडं मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर तापमान आणि वॅट एकाच कागदावर, शेजारी शेजारी लिहिले जायचे, आणि एक हलला की दुसरा का हलला नाही हे विचारल्याशिवाय पाळी संपायची नाही.

एक गोष्ट तुझ्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांना चमत्कारिक वाटेल. साठवणीत या संचाची दोन्ही टोकं मुद्दाम शॉर्ट करून ठेवतात. घरात शॉर्ट झालं तर आपण धावतो, इथं उलटं. संचातून प्रवाह वाहत असला की तो गरम टोकाकडची उष्णता सोबत ओढून नेतो, पेल्टिए परिणाम म्हणून शिकली असशील. टोकं उघडी ठेवली तर प्रवाह बंद, गरम टोक आणखी तापतं आणि पदार्थ लवकर म्हातारा होतो. शॉर्ट केलं की गरम टोक उतरतं. बटण नसलेल्या वस्तूला विश्रांती द्यायची झाली तर एवढीच सोय आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. १७ वर्षांत इंधन किती उतरतं हे तुला वहीत काढता येईल: वर्षाला ०.८ टक्क्याला थोडं कमी, १७ वर्षांत साडेबारा टक्क्यांच्या आसपास. त्याला चाचणी लागत नाही, तो निसर्गाचा हिशोब आहे. पण प्रत्यक्षात वीज याहून वेगात उतरते. व्हॉयेजर दोन्ही १९७७ साली निघाली तेव्हा प्रत्येकीकडं सुमारे ४७० वॅट होते. आज इंधनाची उष्णता पहिल्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आहे, वीज मात्र निम्म्याच्या आसपास आलीये, आणि दरवर्षी साधारण ४ वॅट जातात. मधला फरक थर्मोकपलच्या झिजण्याचा आणि गरम-थंड टोकांतला फरक कमी होण्याचा. १७ वर्षांचा भरवसा द्यायचा तो या झिजण्याबद्दल.

झीज कसली? फिरणारं काही नाही, मग काय झिजतं? देवघरातला कापूर डबीत ठेवला तरी उडून जातो ना, वितळत नाही, थेट वाफ होतो. तसंच. व्हॉयेजरच्या आणि शनीकडं गेलेल्या कॅसिनी यानाच्या पिढीच्या संचांत सिलिकॉन-जर्मेनियमचे पाय होते, गरम टोक १००० अंश सेल्सिअसच्या घरात. एवढ्या तापमानाला व्हॅक्यूममध्ये पायांचा पृष्ठभाग अगदी हळू उडत राहतो. पाय बारीक होतात हा एक तोटा. दुसरा तोटा जास्त वाईट: उडालेला पदार्थ थंड जागी, म्हणजे इन्सुलेशनवर जाऊन बसतो आणि विजेला चोरवाट करून देतो. म्हणून पायांवर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर देतात. मंगळावरच्या संचाचं गरम टोक ५०० अंशांच्या थोडं वर असतं. पदार्थ वेगळे, एका पायात शिसं आणि टेल्युरियम, दुसऱ्यात टेल्युरियम, अँटिमनी, जर्मेनियम आणि चांदी. त्या कप्प्यात आरगॉन वायू भरलेला असतो, त्यानं उडणं मंदावतं.

उडण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्यानं वाढतो, आणि १७ वर्षं दोन-तीन वर्षांत बसवायची युक्ती हीच. छोटे तुकडे घ्यायचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. काही खऱ्या तापमानाला ठेवायचे, काही त्याहून वर, काही आणखी वर. ठरावीक तासांनी काढून वजन करायचं, रोध मोजायचा. वेगाचा लॉगॅरिदम एका बाजूला आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्तांक दुसऱ्या बाजूला मांडला की बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. अऱ्हेनियसची रेषा केमिस्ट्रीत तू काढली असशील. ती खाली खऱ्या तापमानापर्यंत वाढवली की १७ वर्षांचा आकडा मिळतो.

आणि इथंच फसायला होतं. आंब्याची अढी घातली की ऊब लागून आंबा लवकर पिकतो, म्हणून कुणी तो चुलीच्या अंगाला ठेवत नाही. तिथं आंबा लवकर पिकत नाही, तो शिजतो. जास्त तापमानाला तेच काम वेगानं होतंय की वेगळंच काम सुरू झालंय, हे रेषेवर बघून नेहमी कळत नाही. तुकडा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो: खऱ्या तापमानाच्या तुकड्यात जी झीज दिसते, तीच वरच्या तुकड्यात दिसते का? तीच असेल तरच रेषा खाली वाढवायचा अधिकार. ‘१० अंश वाढले की वेग दुप्पट’ हा नियम वर्कशॉपमध्ये सर्रास वापरतात. तो प्रत्येक झिजेला लागू नाही, आणि एवढ्या मोठ्या भरवशासाठी मी तो चालवून घेणार नाही.

म्हणूनच प्रत्यक्ष काळ घालवून केलेल्या चाचणीला माझ्या लेखी फार मान आहे. नासाच्या क्लीव्हलँडजवळच्या ग्लेन केंद्रात स्टर्लिंग यंत्रांवर काम चालतं. त्यात थर्मोकपलऐवजी वायूच्या दाबानं पिस्टन मागेपुढे होतो आणि त्याच इंधनातून जवळपास चौपट वीज मिळते. हलणारा भाग आला म्हणजे झीज आली, असा सगळ्यांचा आक्षेप. त्यांनी एक यंत्र विजेच्या हीटरवर चालू ठेवलं ते ठेवलंच. २०२० साली त्यानं देखभालीशिवाय १४ वर्षांचा टप्पा गाठला. पिस्टन भिंतीला टेकतच नाही, त्यामुळं घासत नाही. स्टर्लिंगवरचा उड्डाणाचा प्रकल्प २०१३ साली खर्चामुळं थांबवला होता, पण चाचणीचं यंत्र कुणी बंद केलं नाही. प्रकल्प गुंडाळल्यावरही टेबलावरचं यंत्र चालू ठेवायला हिंमत लागते, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

कंपनाचं तुला वडिलांच्या कामावरून लगेच कळेल. तुमच्याकडं कौल किंवा मडकं घेताना बोटानं वाजवून घेतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. शेकर टेबलावर आम्ही तेच करतो. आधी हलक्या जोरानं खालपासून वरपर्यंत सगळ्या वारंवारता फिरवून वस्तूचा ‘आवाज’ नोंदवायचा. मग रॉकेटच्या उड्डाणाएवढं जोरात हलवायचं. मग पुन्हा तोच हलका फेरा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. एका ब्रॅकेटवर मी पहिल्या फेरीत शिखर २१४ हर्ट्झला बघितलं होतं, दुसऱ्या फेरीत १९६ला आलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोल्टवर मारलेली पिवळी रेघ भिंग लावून बघितली तर एकाच बोल्टवर केसाएवढी तुटली होती: बोल्ट जरासा फिरला होता. वीजसंचावर याच्या जोडीला आणखी एक साक्षीदार मिळतो, त्याची स्वतःची वीज. हलवताना व्होल्टेज क्षणभर जरी लचकलं तरी आत कुठला तरी जोड हलतोय हे समजतं. थर्मोकपल अशा जाळीत जोडलेले असतात की एक तुटला तरी सगळी माळ विझत नाही. नमुन्याच्या संचाला उड्डाणापेक्षा ३ डेसिबल जास्त, म्हणजे दुप्पट शक्तीनं हलवण्याचा प्रघात आहे. उडणाऱ्याला तेवढं मारत नाहीत, त्याचं आयुष्य टेबलावरच खर्च करायचं नसतं.

तिसरा प्रश्न, आपटण्याचा. आधी हे सगळं का आलं ते. १९६४ साली अमेरिकेचा ट्रान्झिट मालिकेतला उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि त्याचं इंधन वर वातावरणात जळून पसरलं. तेव्हाची आखणीच तशी होती, वरच जळून विरळ होऊ दे. त्या घटनेनंतर विचार पूर्ण पालटला: काहीही झालं तरी इंधन अखंड खाली यायला हवं. १९६८ साली निम्बस उपग्रहाचं रॉकेट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फसलं, कुप्या समुद्रतळावरून धड बाहेर काढल्या आणि तेच इंधन पुन्हा वापरलं. १९७० साली अपोलो-१३ परतताना चांद्रयानाबरोबर त्याची इंधनकुपी पॅसिफिकमधल्या टोंगा गर्तेत गेली, नंतर तिथल्या हवा-पाण्यात गळती सापडली नाही.

आजच्या संचातल्या प्रत्येक मॉड्युलमध्ये, म्हणजे इंधनाच्या डब्यात, ४ वड्या असतात, प्रत्येक साधारण १५० ग्रॅमची. वडी धातूची नाही, ऑक्साइडची, म्हणजे तुमच्या कौलासारखी भाजलेली. आपटली तर ढेपा व्हाव्यात, पीठ होऊ नये म्हणून. अल्फा कण कागदानंही अडतात. धोका असतो तो बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाण्याचा. वडीवर इरिडियमचं कवच, २४०० अंशांच्या पुढं वितळणारं. त्यावर कार्बन तंतूंच्या विणीची दोन आवरणं. अशी मॉड्युलं वातावरणातून पडताना जो अखेरचा वेग गाठतात, सेकंदाला ५० मीटरच्या थोडं वर, त्या वेगानं कठीण पृष्ठभागावर आदळवून बघितली आहेत. स्फोटाचा दाब, उडते तुकडे, रॉकेटच्या घन इंधनाची आग, सगळं करून झालंय. बहुतेक चाचण्यांत प्लुटोनियमऐवजी निःसत्त्व युरेनियमचा ऑक्साइड असतो, तो वजनानं आणि ठिसूळपणानं जवळचा. पण तोही बदलीच. म्हणून काही चाचण्या अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत पूर्ण बंद यंत्रात खऱ्या इंधनावरही केल्या आहेत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे.

लीक टेस्टवाल्याला यातली एक गोष्ट विशेष भावते. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. म्हणजे वडीतून वर्षानुवर्षं हेलियम निघत राहतो. कवच घट्ट बंद केलं तर ते फुगेल. म्हणून इरिडियममध्ये एक सूक्ष्म छिद्रांची खिडकी ठेवतात: हेलियम जायला हवा, इंधनाचा कण अडकायला हवा. आम्ही आयुष्यभर गळती बंद केली, इथं मोजून-मापून गळती करायची आहे.

चौथा प्रश्न. भारतात किरणोत्सारी इंधनाचं काम अणुऊर्जा विभागाच्या हातात आहे आणि तिथंच राहील. पण सुरुवात झालेली आहे. चांद्रयान-३ च्या, लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या प्रोपल्शन मॉड्युलवर भाभा अणुसंशोधन केंद्रानं केलेले एक-एक वॅटचे दोन उष्णता-संच होते. विक्रम लँडरवर असा संच नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ ला तो उतरला, सप्टेंबरच्या सुरुवातीला चंद्रावरची रात्र पडली तेव्हा झोपवला, आणि सूर्य उगवल्यावर जागा झाला नाही. त्याचं ठरलेलं काम तोपर्यंत पुरं झालं होतं. पण पुढं चंद्राची रात्र काढायची असेल तर ऊब लागणारच, आणि ती तपासायला कंपन, व्हॅक्यूम, गळती आणि तापमान बारकाईनं मोजणारी माणसं लागणार. ही चारही कामं इंधनाला हात न लावता शिकता येतात. बेळगावच्या शॉपमध्ये मायक्रॉनमध्ये बोलणारे हात आहेत. मराठीतून दहावी केली, कानडीत बाजार केला, इंग्रजीत परीक्षा दिली, याचं ओझं घेऊ नकोस. मोजमापाच्या वहीला यातली कुठलीही भाषा चालते.

सुट्टीत हे करून बघ. बाजारात पेल्टिए मॉड्युल मिळतं, टीईसी-१-१२७०६ म्हणून माग, स्वस्त आहे. आधी थर्मोकपल तपास, वितळत्या बर्फात शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० येणार नाही. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. मीटर बिघडलाय असं समजून त्याला १०० वर ओढू नकोस. मग मॉड्युलच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यात रेझिस्टर, दुसऱ्या बाजूला पाणी फिरणारा ठोकळा, भोवती ग्लासवूल. रेझिस्टरला ठरावीक वॅट दे आणि ते अजिबात बदलू नकोस. गरम बाजू १०० अंशांच्या खालीच ठेव, आतला डाख सुटतो. तापमान स्थिर झालं की टोकं उघडी असताना लिहून ठेव. मग टोकं शॉर्ट कर आणि अर्धा तास थांब. गरम बाजू उतरायला लागेल. किती उतरली, आणि त्या वेळात वॅट खरंच स्थिर होते का, हे दोन्ही आकडे मला कळव.